तेलाच्या बाटलीवर पत्ता छापेपर्यंत

आमच्या घरी वर्षाचं तेल मे महिन्यात कढतं. पाऊस पडायच्या आत खोबरं खडखडीत वाळलेलं असतं, घाणा चालू असतो, माका तर कुळागराच्या (म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेच्या) पाटाकडेला बारा महिने मिळतो. जास्वंदीची पानं, ब्राह्मी, कढीपत्ता, मूठभर मेथी. आजी मोठ्या पितळी टोपात हे सगळं चढवायची आणि दुपारभर चुलीपाशी बसायची. हे तेल विकायचं असतं असं आमच्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेजारी मागायचे, रिकामी बाटली घेऊन यायचे, भरून न्यायचे.

आता त्या तेलाच्या बाटलीवर परवाना क्रमांक आहे, खेप क्रमांक आहे, बारकोड आहे. तिथपर्यंत यायला जून २०२२ ते ऑक्टोबर २०२४ असा काळ गेला. या काळात मला सगळ्यात जास्त कशाची उणीव भासली असेल तर आपल्यासारख्या कुणीतरी सगळं क्रमाने सांगण्याची. म्हणून लिहिते आहे. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, गावडा समाजातली. घरात कोकणी, शाळा मराठी, त्यामुळे लिहायचं म्हटलं की हात मराठीकडेच वळतो.

एका औषध कंपनीत मी नऊ वर्षं पॅकिंगला होते, कंत्राटावर. दुसऱ्या बाळंतपणानंतर जून २०२२ मध्ये कंत्राट पुढे वाढलं नाही. त्याच दिवसांत केस मूठ-मूठ गळत होते. आजीचं तेल नेमाने लावायला लागले, आणि घरबसल्या काहीतरी करावं म्हणून जुन्या मैत्रिणींना शंभर-शंभर रुपयांना बाटल्या दिल्या. (बाळंतपणानंतरची केसगळती बहुतेक बायकांची काही महिन्यांत आपोआप कमी होते. माझीही तशीच झाली असणार. तेलामुळे झाली असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते, आता सांगत नाही.)

पहिला फटका जुलैत बसला. व्हिडिओ बघून मला वाटलं, चुलीवर कढवण्यापेक्षा ताजी पानं तेलात घालून उन्हात ठेवली की सत्त्व टिकतं. आजी नको म्हणत होती. जुलैत ऊन तरी कुठलं! साठ बाटल्या भरल्या आणि पंधरा दिवसांत खवट वास यायला लागला, काहींच्या तळाशी बुरशीचे तंतू दिसले. साठही बाटल्या परत मागवल्या, पैसे परत केले. सहा हजार रुपये. त्या वेळी सहा हजार म्हणजे घरातला महिन्याचा किराणा.

मग आजीजवळ बसून शिकले. पानांचा रस तेलात घातला की पाणी उडेपर्यंत तेल मंद आचेवर कढवायचं. आधी मोठे बुडबुडे येतात, आवाज येतो, मग आवाज बारीक होत जातो. शेवटी आजी कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर तेलात अजून पाणी आहे. शांत जळली की टोप उतरवायचा. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात ओलाव्याचा आकडा बघितला तेव्हा मला या वातीची आठवण झाली, आणि आजही प्रत्येक खेपेला मी आधी वात पेटवते, मग नमुना पाठवते.

शाम्पूचंही तेव्हाच करून बघितलं. शिकेकाई, रिठा आणि आवळा उकळून गाळलेलं पाणी. चौथ्या दिवशी ते आंबलं, सहाव्या दिवशी एका बाटलीचं झाकण उडालं. ज्यात पाणी आहे ते टिकवायचं तर टिकाऊपणासाठी काहीतरी घालावंच लागतं, ते योग्य प्रमाणात घालण्यात काही पाप नाही. पण ते प्रमाण ठरवणं, तपासणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून पातळ शाम्पू सोडला आणि कोरडं केस धुण्याचं चूर्ण धरलं. नवीन सुरू करणाऱ्या बायांना मी हेच सांगते: पहिल्या वर्षी पाणी नसलेल्या वस्तू करा.

नोव्हेंबरमध्ये पणजीतल्या एका दुकानदाराने बाटली हातात घेतली, वास घेतला, आवडली म्हणाला. मग बाटली उलटी करून विचारलं, "लायसन नंबर?" मी म्हटलं, घरगुती आहे. त्याने बाटली परत माझ्या हातात दिली आणि समजावून सांगितलं की असं विकणं गुन्हा आहे, तुमच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. रागाने नाही सांगितलं. त्याच्यामुळेच पुढचं सगळं सुरू झालं.

जानेवारी २०२३ मध्ये उद्यम नोंदणी केली. इथे एक चूक सांगून ठेवते. मोबाईलवर शोधलं तर सरकारी दिसणारी एक साइट पहिली आली, तिथे १,४९९ रुपये भरले आणि नंतर काहीच आलं नाही. उद्यम नोंदणी पूर्णपणे फुकट आहे. आधार आणि पॅन लागतं, पंधरा मिनिटांत होते. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तरच पुढे जा.

फेब्रुवारीत बांबोळीला अन्न व औषध प्रशासनात गेले. धाकट्याला कडेवर घेऊनच. मनात भीती अशी की आत गेल्याबरोबर कुणीतरी म्हणेल, तूच का ती बिनपरवान्याची विकणारी! तसं काही झालं नाही. तिथल्या मॅडमनी कागदावर दोन रकाने काढले. एकीकडे सौंदर्यप्रसाधन, दुसरीकडे आयुर्वेदिक औषध. डोक्याला लावायचं तेल, केस स्वच्छ आणि मऊ राहावेत म्हणून, एवढंच म्हणायचं असेल तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू. अर्ज फॉर्म कॉस-५ मध्ये, परवाना मिळतो तो कॉस-८. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं असेल तर वाट वेगळी, परवाना २५-डी, तज्ज्ञ माणसं वेगळी, कारखान्याच्या अटीही वेगळ्या. आणि केस उगवतात, टक्कल जातं, पांढरे केस काळे होतात असं तर कुठेच लिहायचं नाही. औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा करता येत नाही त्यांची यादी आहे. टक्कल आणि अकाली पिकणारे केस दोन्ही त्या यादीत आहेत. माझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर पहिलीच ओळ होती, "केस गळणे थांबते." तिथेच खोडली.

मग त्यांनी विचारलं, करणार कुठे? मी म्हटलं, घरी, मागच्या पडवीत. तर राहत्या घरात परवाना मिळत नाही. जागा वेगळी हवी, राहण्याच्या खोल्यांशी जोडलेली नको, भिंती आणि फरशी धुता येणारी हवी. तांत्रिक माणूस लागतो, पण त्यासाठी फार्मसीची पदविकाच हवी असं नाही, बारावीला रसायनशास्त्र असलेलंही चालतं. माझी बारावी विज्ञानातून झालेली. ती गुणपत्रिका लग्नानंतर पहिल्यांदा ट्रंकेतून बाहेर काढली.

दुसरेही मार्ग आहेत, ते इथेच सांगते. परवाना असलेल्या कारखान्याकडून माल करून घेऊन आपल्या नावाने विकता येतो, किंवा त्यांच्या जागेवर आपला लोन लायसन्स काढता येतो, त्याचा अर्ज कॉस-६. पैसे कमी असतील तर हे सोपं. मी दोन ठिकाणी विचारलं. एकाने किमान पाच हजार बाटल्या सांगितल्या, दुसऱ्याने सरळ म्हटलं, तेल आमच्या पद्धतीने होईल, तुम्ही नाव तेवढं द्या. मला ते जमणार नव्हतं.

जागेची गोष्ट सांगायची तर आमच्या घराची सांगावी लागेल. आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत आहे. आम्ही मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. पणजोबांपासून त्याच कुळागरात राबतो, पोफळी आम्ही शिंपल्या, नारळ आम्ही पाडले. घरपट्टीची पावती आजोबांच्या नावाची, वीजबिल वडिलांच्या नावाचं, आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव भाटकाराचं. मुंडकारांना घरातून काढता येत नाही असा कायदा १९७५ पासून आहे, घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही आहे. पण तो हक्क मामलेदाराकडे जाऊन मागावा लागतो आणि आमच्या घरात तो कुणी मागितलाच नव्हता. वडील म्हणायचे, भाटकार चांगला आहे, कशाला कागद? भाटकार खरंच चांगला होता. पण तो वारला, मुलं मुंबईत आणि पोर्तुगालला, आणि ना-हरकत दाखल्यावर सही कोण करणार हेच कुणाला माहीत नाही.

त्या दीड वर्षात मी जिथे-जिथे गेले, तिथे दुसरा किंवा तिसरा प्रश्न हाच होता. पंचायतीत, बँकेत, वीज खात्यात. "घर कोणाच्या नांवार आसा गो बाय?" सुरुवातीला मी लांबलचक उत्तर द्यायचे. मग कळलं की समोरच्याला एकच शब्द हवा असतो आणि तो माझ्याकडे नाही. ज्यांची घरं स्वतःच्या जमिनीत आहेत त्यांना या प्रश्नाचं ओझं कळणार नाही. धंदा काढायला भांडवल लागतं, हिंमत लागते असं सगळे सांगतात, पण त्याच्याही आधी पाय ठेवायला जागा लागते आणि ती आपली आहे हे सांगणारा कागद लागतो. आमच्या समाजातल्या किती बाया इथेच परत फिरल्या असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये आईच्या नावाने मुंडकार नोंदणीचा अर्ज मामलेदार कचेरीत घातला. ते काम स्वतंत्र चालू ठेवलं आणि धंद्यासाठी भाड्याची जागा शोधायला लागले. तुमचंही घर असं असेल तर माझा आग्रह आहे की धंद्याची वाट न बघता हा अर्ज आजच घाला. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, मतदारयादीतली नावं, शाळेचे दाखले, जे सापडेल ते जपून ठेवा.

जातीच्या दाखल्याला मार्च ते ऑगस्ट असे पाच महिने लागले. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला, त्यामुळे माझ्या आईवडिलांच्या शाळेच्या काळात असा दाखला काढायचा प्रश्नच नव्हता. माझ्यासाठी जुना पुरावा शोधायचा म्हणजे आजोबांची जन्मनोंद. ती पोर्तुगीज काळातली, हाताने लिहिलेली, आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं. वडिलांच्या दाखल्यावर 'गावडो', माझ्या शाळेत बाईंनी लिहिलं 'गावडे', लग्नानंतर आधारवर तिसरंच. हे सगळे एकाच घरातले आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तीन वेळा अर्ज परत आला, दर वेळी एका अक्षरासाठी. एका कचेरीत काउंटरपलीकडचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांना काय, सगळं फुकट." मला ऐकू जावं असंच म्हणाला. मी काही बोलले नाही. बसस्टॉपवर येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

फुकट काय असतं ते आकड्यांत सांगते. मी अर्ज केला पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाखाली. ग्रामीण भागात महिला, अनुसूचित जमाती वगैरे विशेष गटांना प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे ५ टक्के घालायचे. माझा प्रकल्प ९ लाख ६० हजारांचा. माझे ४८ हजार, बँकेचं कर्ज ९ लाख १२ हजार, त्यातलं अनुदान ३ लाख ३६ हजार. हे अनुदान हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि धंदा चालू असल्याची तपासणी झाली की कर्जात वळतं होतं. धंदा बंद पडला तर तेही गेलं. ही योजना २०२५-२६ पर्यंतची होती, तेव्हा अर्ज करण्याआधी पुढची मुदत बघून घ्या.

प्रकल्प दहा लाखांच्या आत ठेवला तो मुद्दाम. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम तेव्हा होता. हे मला जिल्हा उद्योग केंद्रातल्या एका बाईंनी सांगितलं. तरी पहिल्या बँकेने तारण मागितलंच. ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन अर्ज भरला, नोव्हेंबरमध्ये बँकेकडे गेला, जानेवारी २०२४ मध्ये परत आला. कारण लिहिलं होतं, प्रकल्प व्यवहार्य नाही. व्यवस्थापकांनी तोंडी विचारलेलं मात्र जमिनीबद्दल, आणि नंतर, "मिस्टर काय करतात?" नवरा बसचा ड्रायव्हर आहे. त्यांनी मान हलवली.

बँक बदलता येते. मी बदलली. दुसऱ्या बँकेत जाताना तो नियम छापून नेला, घरात अठरा महिन्यांची वहीही होती: कोणाला किती बाटल्या दिल्या, किती परत आल्या, कोणी पुन्हा मागितल्या. बिनपरवान्याच्या विक्रीची वही दाखवावी की नाही यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. शेवटी मी बाटल्यांचे आकडे बाजूला ठेवून चौकशी केलेल्या गिऱ्हाइकांची यादी आणि तीन दुकानांची "परवाना आला की घेऊ" अशी पत्रं दिली. ती पत्रं उपयोगी पडली. तुम्हीही घ्या, साध्या कागदावर, शिक्क्यानिशी. मग लोकसभेची निवडणूक आली. मार्चच्या मध्यापासून आचारसंहिता, गोव्यात ७ मेला मतदान, निम्मी माणसं निवडणुकीच्या कामावर. मंजुरी २८ मेला मिळाली. जूनमध्ये दहा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण केलं, ऑनलाइन, रात्री मुलं झोपल्यावर. पहिला हप्ता जुलैत.

या सगळ्यात मी एक महाग चूक केली. बँकेला जागेचा करार हवा म्हणून फेब्रुवारीतच भाडेकरार केला. औद्योगिक वसाहतीजवळ तळमजल्यावरचे दोन गाळे, महिना ८,५०० रुपये. फेब्रुवारी ते जुलै सहा महिन्यांचं ५१ हजार भाडं रिकाम्या खोल्यांचं भरलं. दोन पाटल्या त्यात गेल्या. बचतगटातून तीस हजार उचलले. मालकाशी आधीच बोलून, कर्ज मंजूर झाल्यापासून भाडं असं करारात लिहून घेता आलं असतं. मी विचारलंच नाही, कारण भाड्याने जागा घेणारी आमच्या घरातली मी पहिली. असं विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं.

फरशा, धुता येणारा रंग, खिडक्यांना जाळ्या, हात धुण्याची वेगळी जागा, कपडे बदलायची वेगळी जागा. दुहेरी भिंतीचं स्टीलचं पातेलं पुण्याहून मागवलं. तिथला माणूस फोनवर तीनदा म्हणाला, मालकांना फोन द्या. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "दादा, पैसे माझ्या खात्यातून येणार आहेत, मालक मीच." त्यानंतर नीट बोलला. वाळवणीचं कपाट घेतलं ते सगळ्यात कामाचं निघालं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की चूर्ण उघडं ठेवलं तर रात्रीत गोळे होतात. रिठा दळताना तोंडाला नीट मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. पहिल्या दिवशी मी फक्त ओढणी बांधली होती, दोन तास शिंका आणि डोळ्यांची आग थांबली नाही.

५ ऑगस्ट २०२४ ला कॉस-५ चा अर्ज भरला. नकाशा, भाडेकरार, यंत्रांची यादी, तांत्रिक माणसाची कागदपत्रं (म्हणजे माझीच), वस्तूंची यादी, कृती. सरकारी शुल्क, नकाशा काढणारा, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स आणि गाडीभाडं मिळून २६ हजारांच्या आसपास गेले. अर्जात एजंट घेतला नाही. एका एजंटने पस्तीस हजार वेगळे सांगितले होते. कागद समजून घ्यायला मला वेळ लागला, पण तपासणीच्या दिवशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मलाच देता आलं, ते त्यामुळेच.

सप्टेंबरच्या ७ तारखेला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गोव्यात चवथीच्या पंधरवड्यात कुठल्याच कामाची आशा ठेवायची नसते, मीही ठेवली नाही. घरी गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली, फुगड्या घातल्या, महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपले. तपासणी २४ सप्टेंबरला झाली. दोन त्रुटी निघाल्या. एका खिडकीच्या जाळीला भोक, आणि राखीव नमुने ठेवायच्या कपाटाला कुलूप नाही. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या बाजूला काढून ठेवायच्या असतात, पुढे तक्रार आली तर तपासायला. औषध कंपनीत नऊ वर्षं हे पाहिलं होतं, तरी कुलूप विसरले. दोन्ही दुरुस्त करून फोटोसह कळवलं, ते परत येऊन बघून गेले.

३० ऑक्टोबरला, बुधवारी, परवाना आला. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. गावातली पोरं रात्रभर नरकासुराचा पुतळा घेऊन फिरत होती, आणि पहाटे आईने आम्हा सगळ्यांच्या डोक्याला तेल घातलं. नेहमीचंच, घरच्या टोपातलं. परवान्याचं अजून केलेलंच नव्हतं.

यानंतरची कामं भराभर झाली. पॅकबंद वस्तूंच्या नियमांखाली वजनमाप खात्यात नोंदणी, शुल्क ५०० रुपये. प्रयोगशाळेचा अहवाल, तेलाचे ६,८०० रुपये. जीएसटी, कारण सावंतवाडी, दोडामार्ग, बेळगावला एक जरी बाटली विकायची तर राज्याबाहेरची विक्री होते आणि उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. तेलावर तेव्हा १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. त्यामुळे १०० मिलीची बाटली मी २७५ वरून २४५ वर आणली. पण त्याच वर्षात खोबरेलाचा भाव जवळजवळ दुप्पट झाला, तेव्हा हातात उरतं ते आधीपेक्षा कमीच.

ट्रेडमार्कचं मात्र थांबून सांगायला हवं. अर्जदार व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम नोंदणी असलेला लहान धंदा असेल तर ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये लागतात, बाकीच्यांना ९,०००. केसांच्या तेलाचा वर्ग ३. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. माझं पहिलं नाव एका वनस्पतीचं होतं, त्यावर हरकत आली की हे वस्तूचं वर्णन आहे, नाव नाही. उत्तराला एक महिना असतो. मी भांडले नाही. नवीन अर्ज केला, नवे साडेचार हजार भरले, आजीला लहानपणी ज्या नावाने हाक मारायचे ते नाव घेतलं. ते नियतकालिकात छापून आलं, चार महिने कुणी विरोध केला नाही, आणि मिळालं. लेबलं छापायच्या आधी हे करा. माझी जुन्या नावाची दोन हजार लेबलं अजून गाळ्यात पडून आहेत.

स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता घ्यायला पणजीतल्या एका कार्यक्रमात सुचवलं होतं. ती तेव्हा कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारीलाच मिळायची, माझ्यासारख्या एकट्या मालकीच्या धंद्याला नाही. त्या सभागृहात मला कुणी वाईट वागवलं नाही. पण चहाच्या वेळी एका बाईंनी मला रिकामा कप दिला आणि म्हणाल्या, "आणखी साखर आहे का?" मी साखर आणून दिली, मग शेजारी बसून माझं कार्ड दिलं. त्या खूप ओशाळल्या. पुढे त्यांनी वीस बाटल्या घेतल्या, पण ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

आता दोन बाया माझ्यासोबत कामाला आहेत, दोघी आमच्याच वाड्यावरच्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात महिन्यातून दोनदा बसते, फोंड्यात चार दुकानांत माल आहे. दुकानदार छापील किमतीवर तीस टक्के घेतात, हे किंमत ठरवतानाच धरा. डिसेंबरमध्ये पहाटेच्या गारठ्यात तेल गोठतं आणि गिऱ्हाइकं भेसळ समजून फोन करतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतंच, म्हणून आता लेबलवर ओळ आहे: गोठल्यास बाटली कोमट पाण्यात ठेवा. फोन जवळपास थांबले.

आईच्या मुंडकार अर्जाची सुनावणी चालू आहे. भाटकाराच्या पोर्तुगालमधल्या मुलाला नोटीस पोचायलाच आठ महिने लागले. दर तारखेला आई धुतलेलं लुगडं नेसून, केसांत अबोलीची फाती माळून मामलेदार कचेरीत जाते, मी सोबत असते. लेबलवरचा पत्ता गाळ्याचा आहे, घराचा नाही. तो भाडेकरार २०२९ ला संपतो.

परवान्यानंतरच्या पहिल्या खेपेची पहिली बाटली आजीला दिली होती. तिला आता नीट दिसत नाही. तिने झाकण उघडून तेल तळहातावर घेतलं, चोळलं, वास घेतला, पुन्हा घेतला. म्हणाली, "माको उणो पडला."

बरोबर होतं तिचं. खेपेच्या नोंदी काढून बघितल्या तर मी एका वेळचा रस कमी घातला होता. प्रमाण बदललं की कृतीचा कागद बदलायचा, घटकांचा क्रम बदलतो का ते तपासायचं, नमुना पुन्हा पाठवायचा. ते सगळं केलं. या मेच्या खेपेची बाटली तिच्या हातावर पुन्हा घालायची आहे, तोवर लेबलं छापायला दिलेली नाहीत.